अकरा जणांत मी बारावा

तीर्थरूप योशिमात्सुदादा यांस,

धाकट्या तोकिजीचा वाकून नमस्कार. सेंदाईच्या थंडीत तुमची कंबर आणि वहिनींचा राग, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे बर्फ छपरापर्यंत आलाय, बाकी ठीक.

बाबा गेल्यापासून अस्वलाच्या शिकारीला आपल्या घरचं कुणीच जात नाही. (तुम्ही गिरणीत नोकरीला गेलात याबद्दल माझी तक्रार नाही. आईची आहे.) म्हणून यंदाच्या वसंतात मला घ्या, असं मी टोळीचे म्होरके गेंझोकाका यांना विनवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मध्ये बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "अस्वल वर हाकायचं तर ओरडत चढावं लागतं रे. तुझं पोट पोचेल, तू कधी पोचायचास?" चारचौघांत बोलले, ते फार लागलं मला.

तेव्हापासून रोज दुपारी पाठीवर दगडांचं पोतं बांधून मी गावामागचा चढ चढतो. एकटाच, कारण धापा टाकणारा माणूस बघवत नाही. पहिल्याच दिवशी घसरलो तो थेट बायकोने बर्फात पुरून ठेवलेल्या मुळ्यांवर. (मुळे वाचले. किनू अजून माझ्याशी बोलत नाही.)

पाय जरा वळणावर आले तशी मी चढताना आरोळीही ठोकू लागलो. पलीकडच्या रानातून उत्तर यायचं. प्रतिध्वनीच तो, म्हणून मी खूश. आपला आवाज इतका भरदार असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण परवा ऐन वेळी खोकला आला, आरोळी घशातच राहिली, आणि पलीकडून मात्र ती आली. काल ती माझ्या मागूनच आली, अगदी पोत्याला लागून, आणि तिला धाप लागलेली नव्हती. मी मागे वळून पाहिलं नाही. भीतीसारखा व्यायाम नाही, दादा. वर कसा पोचलो ते मला कळलंसुद्धा नाही.

आज सकाळी गेंझोकाका स्वतःहून दारात आले. "अंगणातून बघतोय रोज. घेतला तुला," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबांचा भाला पुसून ठेवलाय.

तुमचा,
तोकिजी

ता. क. टोळीत आहेत अकरा, म्हणजे मी बारावा. आणि बारा जणांनी डोंगर चढायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. डोंगराच्या देवीची लेकरं बारा, बारा माणसं दिसली की तिला वाटतं आपलीच कुणी पळवून आणली. आजोबांच्या वेळी लाकडाचा बाहुला तेरावा म्हणून नेत, तसा कोरायला घेऊ का, असं मी काकांना विचारलं.

आणखी एक. काका म्हणाले, "बाहुला कशाला? तुझ्यामागून रोज चढतो तो आहे की. खरं तर दम त्याचाच चांगला. कुणाचा रे तो?" कुणी नाही म्हणालो असतो तर आम्ही बाराच उरलो असतो आणि माझीही जागा गेली असती, म्हणून मी 'आमचा पाहुणा आहे' असं सांगून बसलो. आज दुपारपासून तो आमच्या ओसरीवर बसलाय. किनूने त्याला चहा नेऊन दिला, आणि आत येऊन ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, "अहो, भावजी सेंदाईहून केव्हा आले?"

दादा, मिळेल त्या गाडीने या. तेरावे तुम्ही झालात की त्याला जागा नाही म्हणून सांगता येईल. सांगायचं मात्र तुम्हीच. घरातले थोरले तुम्ही.