धुळ्यातले बेचाळीस दिवस

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
खोरे जलनोंद विभाग, जळगाव.
(कार्यालय अधीक्षक यांच्यामार्फत, योग्य मार्गाने)

विषय : सन २०१७ मध्ये धुळे येथे काढलेले बेचाळीस दिवस अर्जदाराच्या नावे धरून त्यास लिपिक प्रशिक्षणास बसू देणेबाबत.

संदर्भ : कार्यालय अधीक्षक यांची कारणे दाखवा नोटीस, दि. १७ मार्च २०२५.

महोदय,

अर्जदार कौतिक वना बोरसे, राहणार भडगाव, हा आपल्या कार्यालयात एकतीस वर्षे शिपाई आहे. अर्जात ‘मी’ न लिहिता ‘अर्जदार’ लिहावे, असे त्यास प्रशिक्षणात शिकविले. कोणत्या प्रशिक्षणात, हाच खरा वाद आहे.

१) सन २०१७ च्या नोव्हेंबरात श्री. स्वप्नील महाले हे नवे लिपिक होते. धुळ्याचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण मुदतीत पुरे केले नाही तर नोकरी जाणार होती, आणि नेमके त्याच दिवसांत त्यांचे लग्न निघाले. आपल्या कार्यालयात प्रशिक्षण घ्यायचे नसते, आटोपायचे असते. ज्याच्यावाचून अडत नाही तो जातो. वाहनचालक हबीबभाई दोनदा साहेबांच्या नावाने बसून आले व बॅग, पेन घेऊन परतले. तेव्हाचे अधीक्षक रुपचंद आबा यांनी अर्जदारास बोलावून सांगितले, “कौतिकभाऊ, तिथं फक्त बसायचं असतं. छातीवर स्वप्नीलच्या नावाची पाटी लावा, दोन वेळ जेवा अन् या. इथली तुमची हजेरी मी बघतो.”

अर्जदार गेला. हा त्याचा गुन्हा आहे आणि तो त्यास मान्य आहे.

२) परंतु अर्जदाराच्या हातून दुसरीही एक चूक झाली. तो ऐकू लागला. त्याने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले होते, ते कार्यालयात सर्वांना ठाऊक होते व कोणाच्याही कामाचे नव्हते. टिपणी कशी लिहावी, नस्ती कशी बांधावी, नियम कुठे शोधावा, हे त्यास प्रथमच कोणी सांगत होते, आणि तेही ‘अहो’ म्हणून. आयुष्यात एवढा आनंद त्यास दुसरा झाला नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. परीक्षेत तो एक्क्याण्णव गुणांनी पहिला आला. केंद्राच्या ओसरीत त्या तुकडीचा फोटो आहे. मधोमध अर्जदार उभा आहे आणि खाली ‘श्री. स्वप्नील महाले, प्रथम’ असे छापले आहे.

पुढे एकदा अर्जदाराने पत्नी भिकुबाई व मुलगी मेघा यांना मुद्दाम धुळ्यास नेऊन तो फोटो दाखविला. मेघाने मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. पत्नी खालचे नाव वाचून म्हणाली, “फोटो तुमना शे, नाव दुसरानं शे.”

३) परत आल्यावर श्री. महाले यांना टिपणीतले ओ की ठो येत नव्हते. अर्जदाराने त्यांना रोज जेवणाच्या सुट्टीत वर्षभर शिकविले. त्यांनी मनापासून शिकून घेतले, हेही खरे. ते आज अधीक्षक आहेत. संदर्भीय नोटीस त्यांचीच आहे, आणि ती निर्दोष आहे. अर्जदाराने ती तीनदा वाचून चूक शोधली, सापडली नाही.

४) यंदा लिपिकाच्या एका जागेसाठी अर्जदाराचे नाव निवडसूचीत आले. सूची ३१ मार्चला संपते. तत्पूर्वी प्रशिक्षणात नाव दाखल झाले पाहिजे, आणि पुढच्या वर्षी जुलैत अर्जदार निवृत्त होतो. म्हणजे लिपिकाच्या खुर्चीवर बसण्याची त्यास ही पहिली व शेवटची संधी. दि. १० मार्च रोजी तो स्वतःच्या नावाची पाटी लावून धुळ्याच्या वर्गात बसला. २०१७ मध्ये शिकविणाऱ्या ज्योती मॅडम आत आल्या, त्याला पाहून हरखल्या आणि म्हणाल्या, “अरे, महाले साहेब, परत आलात?” मग त्यांनी त्यास पुढे बोलावून, आदर्श प्रशिक्षणार्थी कसा असतो ते बघा, असे सर्वांना सांगितले व गुलाबाचे फूल दिले. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांचे लक्ष पाटीकडे गेले. त्या बाईंचा यात काहीही दोष नाही. संध्याकाळच्या बसने अर्जदार फुलासह परत आला.

५) केंद्राने हा प्रकार कार्यालयास कळविला व चौकशी श्री. महाले यांच्याकडेच सोपविण्यात आली. त्यांनी २०१७ च्या उत्तरपत्रिका मागवून अर्जदाराच्या अक्षराशी ताडून पाहिल्या. अक्षर तंतोतंत जुळले. त्यावरून, अर्जदाराने श्री. महाले यांच्या अक्षराची अनेक वर्षे सराव करून नक्कल केली, असा निष्कर्ष निघाला. फोटोबाबत, नावे छापताना रांग चुकली असावी, असे नमूद आहे.

६) रुपचंद आबांनी हजेरी बघितली नव्हती. अर्जदाराचे ते बेचाळीस रकाने कोरेच राहिले आणि आबा गेल्या साली वारले. आता नोटिशीत विचारले आहे की, त्या दिवसांत अर्जदार धुळ्यास असेल तर तोतयेगिरीबद्दल बडतर्फ का करू नये. आणि धुळ्यास नसेल तर विनापरवाना गैरहजेरीबद्दल सेवाखंड का धरू नये. दोहोंपैकी एक पर्याय सात दिवसांत निवडावयाचा आहे.

महोदय, अर्जदार त्या दिवसांत कुठेतरी होता, एवढे तरी मान्य व्हावे.

७) नोटीस मिळाल्या दिवशी अर्जदार श्री. महाले यांच्या टेबलापाशी उभा राहिला. ते मान वर न करता म्हणाले, “भाऊ, मी खरं लिहिलं तर माझी नोकरी जाते. तुमची तशीही वर्षभराचीच राहिली.” हिशेब चुकीचा नाही. घरी दोन लहान मुले आहेत त्यांच्या. मोठ्याच्या बारशाला पाळणा अर्जदारानेच बांधला होता.

८) सबब विनंती की, अर्जदारास प्रशिक्षणास बसू द्यावे. ते शक्य नसल्यास नुसती परीक्षा घ्यावी. तो आज, आत्ता, आपल्या टेबलासमोर उभ्याने देईल. तेही शक्य नसल्यास नोकरीचे जे करावयाचे ते करावे, परंतु ओसरीतल्या फोटोखालचे नाव तेवढे बदलावे. मेघाच्या सासरी अजून फोटो दाखविलेला नाही.

आपल्या हजेरीपटावर अद्याप असलेला,
नम्र अर्जदार,
(सही)
कौतिक वना बोरसे, शिपाई
जळगाव, दि. २१ मार्च २०२५

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) बी.ए. चे प्रमाणपत्र. ३) ओसरीतल्या फोटोची मोबाईलवरून काढलेली प्रत.

कार्यालय अधीक्षकांचा शेरा :

अर्ज सादर. निवडसूचीची मुदत संपल्याने मागणी क्र. १ व २ निकाली. फोटोबाबत केंद्रास कळविले असता, वाद मिटेपर्यंत तो उतरवून ठेवल्याचे कळते. तसेच अर्जाची मांडणी, परिच्छेद व भाषा प्रशिक्षित कर्मचाऱ्याची दिसते. अर्जदार अभिलेखानुसार अप्रशिक्षित आहे. तरी सदर अर्ज त्याने कोणाकडून लिहून घेतला, याचा खुलासा तीन दिवसांत मागविण्यास मान्यता असावी.

स्व. न. महाले
दि. २ एप्रिल २०२५