चंद्रीच्या ठरावाला 'व्हय'

पडेगाव, ३ फेब्रुवारी २०२५

ती. केरबादादास,
धाकट्या शीलाचा वाकून नमस्कार. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाय, ओरडून माझाच घसा बसतो, म्हणून लिहितेय. वहिनी गेल्यापासून तू पिशोरला एकटा. कळप विकलास, पण चंद्री मेंढीशिवाय इकडं राहायला येणार नाय म्हणतोस. म्हणून कॉलनीच्या सभेत तिचा विषय ठेवलाय. रविवारी मला दवाखान्यात ड्यूटी आहे. माझ्या घराचं मत तू द्यायचं, तशी चिठ्ठी अध्यक्ष तात्यासाहेबांना दिलीये. रिटायर झाल्यापासून ते सभेच्या नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. त्यांनी विचारलं की फक्त 'व्हय' म्हण. जास्त डोकं चालवू नको.

लोभ चंद्रीवर जरा कमी नि माझ्यावर जरा जास्त असू दे.
तुझी,
शीला

पिशोर, १० फेब्रुवारी २०२५

चि. शीलास,
केरबाचे अनेक आशीर्वाद. सभा लई झकास झाली. तात्यासाहेबांनी घंटी वाजवून हात वर करायला लावले. मतं तेवीस, अध्यक्षाला मत नाय, पण हात भरले सव्वीस! सांडूभाऊ नि आणखी दोघं बायकोचापण म्हणून दोन्ही हात वर धरून बसलेले. दुसरी मोजणी अर्ध्यात असताना रामहरी मास्तर आले. समद्यांनी हात वर करून रामराम घातला, तोपण मोजला गेला. रामराम कामकाजात धरता येत नाही, असं तात्यासाहेब लई गंभीरपणे म्हणाले.

शेवटी एकेक घर पुकारून विचारलं. अकरा-अकरा झाले, राहिलो मी. तू सांगितलं तसं मोठ्यानं 'व्हय' म्हणालो. टाळ्या पडल्या. चहा मात्र पाणचट होता.

भाची सायलीला आशीर्वाद. माया हायेच.
तुझा दादा,
केरबा

पडेगाव, १३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार, पण रागानं. अरे देवा, काय करून बसलास! तात्यासाहेबांनी ठराव उलटा मांडला होता: 'कॉलनीत मेंढी नसावी.' तू त्यालाच 'व्हय' म्हणालास. बारा विरुद्ध अकरा! तुझ्याच मतानं तुझी वाट बंद झाली. चार दिवस मला घास उतरत नाय.

मी तात्यासाहेबांशी भांडायला गेले. त्यांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. झालेला ठराव फेरविचाराला आणायचा, तर जिंकलेल्या बाजूनं मत दिलेल्यानंच आणावा लागतो म्हणे. तुझ्या बाजूच्या बाकी अकरा जणांतलं कुणी हलायला तयार नाय. बारावा तूच. २ मार्चच्या सभेला ये नि कान उघडे ठेवून बोल.

तोवर लोभ जप्त.
शीला

पिशोर, १८ फेब्रुवारी २०२५

चि. शीलास,
आशीर्वाद. आता तुझ्यापासून काय लपवू? फोनात खरखर होते म्हणून ऐकू येत नाय. सभेत मला समदं ऐकू आलं. ठराव उलटा हाय, हेपण कळलं.

माझ्या मागं दोघं कुजबुजत होते, दारात मेंढी बांधली तर ह्या घरची पोरगी बघायला कोण येणार म्हणून. माझ्यापायी सायलीची सोयरीक अडायला नको. म्हणून समजून-उमजून 'व्हय' म्हणालो. घरी येऊन चंद्रीसमोर लई रडलो. फेरविचार नको. माझं बरं चाललंय. तू राग सोड, जेवत जा.

जप्तीतला लोभ जमलं तर सोडव.
केरबा

पडेगाव, २२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
आम्हा मायलेकींचा नमस्कार. तुझं पत्र सायलीनंच आधी फोडलं. वाचून डोळे पुसले, ताट वाजवलं नि स्वयंपाकघरातच सभा भरवली. अध्यक्षही तीच नि ठरावही तिचाच: मेंढी बघून जे माघारी फिरतील त्यांनी चहालाही थांबू नये, नि मामानं चंद्रीला घेऊन कायमचं राहायला यावं. मी अनुमोदन दिलं. या घरात अध्यक्षालाही मत आहे. दोन हात वर, विरोधात कुणी नाय. तुझं मत धरलं नाय. तुला ऐकू येत नाय ना!

२ तारखेला चंद्रीला घेऊनच ये. कॉलनीतला फेरविचार तू मांड. तो पडला तर पुढच्या सभेत भांडू. घरातल्या ठरावाचा मात्र फेरविचार व्हायचा नाय. जिंकलेल्या बाजूला आम्ही दोघीच आहोत.

लोभ सोडलाय, येऊन घेऊन जा.
तुझी,
शीला