लिनेटच्या डोक्यातला उंदीर

४ मे
लांब केसांच्या भगिनींनो! शंभर वर्षं तुम्हाला सलूनच्या खुर्चीत मान खाली घालायला लावली. आता बस्स! (वहीत लिहितोय, तरी मूठ आपोआप वळते. युनियनची सवय.)
८ जूनला गावात बायकांच्या मताधिकारासाठी १९०८ साली निघालेल्या मोर्चाच्या आठवणीत मिरवणूक. सगळ्यांत पुढे झेंडा घेऊन माझी बायको लिनेट. तिची पणजी खऱ्या मोर्चात होती. त्यासाठी लिनेट तीन वर्षं केस वाढवतेय. १९०८चा फुगीर अंबाडा हवाय. शेरिलच्या सलूनमध्ये जाते म्हणाली. मी म्हणालो, पणजी गेली होती का? अंबाडा मी घालणार. घरी.

५ मे
खूप वाचलं. सगळी गंमत उंदरात आहे. फुगवट्यासाठी अंबाड्यात केसांची गुंडाळी ठेवायचे, तिला उंदीर म्हणत. बायका स्वतःचे गळलेले केस साठवून तो करायच्या. लिनेटचे फार गळत नाहीत. आमचा टेरियर कुत्रा, मेजर, त्याचे भरपूर गळतात. रंगही जुळतो. लिनेटला सांगितलं नाही. क्रांतीत सगळ्यांना सगळं सांगत नाहीत.

१२ मे
केस कुरळे करायचा चिमटा गॅसवर तापवला. अस्सल पद्धत. मोठी प्रगती! एक बट जळाली. कान थोडा भाजला. लिनेटने ब्रश फेकून मारला, नेम चांगला आहे तिचा. म्हणाली, डेरिक, तू कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकायचास तेच बरं होतं, तेव्हा कान नुसते दुखायचे.

१९ मे
केस उलटे विंचरून गुंता केला. गुंता उत्तम. सुटत नाही. लिनेटने दंडात पिन खुपसली. चुकून, म्हणाली. मग दुसऱ्या दंडातही चुकून.

२६ मे
सरावात केसांची गुंडाळी सारखी हरवते, त्यामुळे मेजरला शब्द कळू लागलाय. मी ‘उंदीर कुठे गेला?’ ओरडलो की सोफा फाडतो. त्याचे पूर्वज गिरणीत उंदीरच मारायचे. गुणी कुत्रा.

८ जून, सकाळ
जमलं! अंबाडा किल्ल्यासारखा. मूठभर पिना. लिनेट आरशात बघून हळूच म्हणाली, अगदी पणजी. तिचे डोळे भरून आले. माझेही, पिन लागली होती.

८ जून, संध्याकाळ
बाजारपेठेपर्यंत झकास चाललं होतं. मग अंबाडा डावीकडे कलला. गर्दीतून ओरडून सावध करणं माझं कर्तव्यच होतं: लिनेट, उंदीर!
मेजरने माझ्या हातातला पट्टा हिसकावला. लिनेट दचकून वाकली. त्याने उंदीर दातात धरला आणि जातीला शोभेल असा झटकला. उंदीर सुटला नाही. लिनेटही सुटली नाही. पिना किती पक्क्या होत्या बघा!
तिने झेंड्याची काठी उगारली. मेजरवर असेल, असं वाटलं. नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या मोर्चावरचा पोलिसांचा लाठीमार दाखवतायत, असं समजले.
शेरिल कात्री घेऊन धावली. कुत्रा सोडवायला सगळे केस कापावे लागले. मग शेरिल उंदीर हातात घेऊन, हुंगून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, अगं लिनेट, हे तर मेजरचे केस!

९ जून
बागेतल्या शेडमध्ये आहे. बाहेरून कडी. पाऊस. खिडकीतून मेजर दिसतो, माझ्या जागेवर, सोफ्यावर. शेजारी लिनेट, डोक्यावर पणजीची टोपी.
भाषण तयार केलं: शेडमध्ये डांबलेल्या नवऱ्यांनो! गर्दी जमली नाही.
लिनेट, कडी काढ.