सात शर्ट

३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. दादाला संस्थेत सोडून आलास, पण पोचल्याची एक ओळ नाही. आळशी तो आळशीच! आई गेल्यापासून बावीस वर्षं मी त्याचं सगळं केलं. आता घर खायला उठतं. पण पाठीने दगा दिला, डॉक्टर वाकूसुद्धा देत नाहीत. त्याला दिवस मोजता येत नाहीत, शर्ट येतात. म्हणून बॅगेत सात शर्ट दिले आणि सांगितलं, सातवा घालून झाला की ताई न्यायला येईल. खोटं बोलले रे. माझ्याहून मोठा भाऊ, त्याला पोरासारखं फसवलं. बघून ये आणि खरं काय ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि. जाऊन आलो. एका खोलीत वीस खाटा, खिडक्या उंचावर, दाराला कडी बाहेरून. आपल्या दादाने पहिल्याच सकाळी सातही शर्ट एकावर एक चढवले आणि चपला घालून दाराशी बसला! ऐकून मला आधी हसूच आलं. पण दुपारी उकाड्याने तो तिथेच कोसळला. तिथल्या दोन सेवकांनी धरून शर्ट ओढून काढले, कपाटात कुलूपबंद केले. आता सगळ्यांच्या ढिगातला हाती येईल तो करडा सदरा. व्यवस्थापक म्हणाले, महिन्याभरात सगळे रुळतात. बाहेर येऊन मी रडलो. पाठीला जप, रागावू नकोस.
तुझा धाकटा

१५ मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद. पत्र वाचून ताट बाजूला सारलं. माझ्या हातचे धुतलेले शर्ट आहेत ते, चोरीचा माल नव्हे! भांडून घे आणि रोज एक त्याच्या अंगात घाल. पाठ मोडली तरी बेहत्तर, सातव्या दिवशी मी येते. त्याला सांग, ताई खोटारडी नाही. माया आहे तशी राहू दे.
ताई

२४ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि. भांडलो, शर्ट मिळवले. पहिला उघडून धरला, तर दादा बाहीत हातच घालेना. तू शिकवलेल्या घडीने सातही बॅगेत ठेवले, चेन लावली आणि बॅग माझ्या हातात दिली. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, शर्ट संपले की ताईला यावं लागतं, आणि तिची पाठ दुखते. मग भिंतीकडे तोंड करून बसला. सदऱ्याला दोन बटणं नव्हती.
बॅग माझ्याकडे आहे. ताई, तू ये, कशीही ये. तो हल्ली दाराशी बसत नाही. व्यवस्थापक खुशीत म्हणाले, रुळला.
आम्हा दोघांवरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा