पिवळा दगड

३ मार्च
न्हाव्याने यायचं बंद केलं. जिना चढवत नाही म्हणे! आजपासून ह्यांची दाढी माझ्याकडे. साधं ब्लेड ह्यांना कधी चाललं नाही, वस्तराच लागतो. अंगाची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नुसते डोळे फिरतात. ते वस्तऱ्याकडे फिरले, मग माझ्याकडे. मजा वाटली.

४ मार्च
खालच्या सुतारखान्यातून ह्यांचे धारेचे दगड वर आणले. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले — पोरांना कधी इतकं जपलं नाही ह्यांनी. काळा खरखरीत, खांडं पडलेल्या हत्यारांसाठी. करडा, पटाशी-रंध्यासाठी. पिवळा साबणासारखा गुळगुळीत, फक्त वस्तऱ्यासाठी.

लग्नानंतर मी भाजीची सुरी ह्या पिवळ्यावर घासली होती. "हिला दगड आणि वीट सारखीच!" — गिऱ्हाइकांसमोर. सगळे हसले. मग दिवसभर बसवून तो दगड माझ्याकडून पुन्हा सपाट करून घेतला. बोटांची सालं निघाली. त्यानंतर दगडांना हात लावायची मनाई. पण ह्यांची बडबड ऐकून ऐकून सगळं शिकले मी. कुठल्या हत्याराला कुठला दगड, झोपेतही सांगेन.

आज निवड माझी. ह्यांच्यासमोर बसले आणि काळा घेतला.

५ मार्च
दाढी केली. केस कापले जात नव्हते, उपटले जात होते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "दुखतंय का हो?" विचारलं. अगदी गोड आवाजात.

११ मार्च
नणंद येऊन गेली. गालावरचे ओरखडे बघून म्हणाली, "कातडी किती नाजूक झालीय दादाची! वहिनी, तुम्ही म्हणून करता. दुसरी कुणी असती तर हात झटकून मोकळी झाली असती."
मी डोळे पुसले. ती गेल्यावर परत एकदा दाढी केली. उलट्या बाजूने.

१२ मार्च
कंटाळा नाही आला.

१९ मार्च
ह्यांचे ओठ हलतात. दाढी करताना जास्तच. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येईल. येऊ दे! मला तेच हवंय. एकदा "पुरे" म्हणा. "मुद्दाम छळतेस" म्हणा. तेवढ्यासाठी तर चाललंय सगळं. त्या दिवशी काळा दगड फेकून देईन, शपथ.

२६ मार्च
बोलले! निम्मी दाढी झाली होती. अडखळत, पण स्पष्ट —
"काळा नाही... वस्तऱ्याला पिवळा. इतकी वर्षं झाली... अक्कल नाही ती नाहीच."

म्हणजे मी मुद्दाम करतेय हे ह्यांच्या मनातसुद्धा आलं नाही! इतके दिवस सगळं सोसलं, ते माझा अडाणीपणा समजून. इतकी मी कुणीच नाही!

दाढी अर्धी टाकून उठले.

२७ मार्च
सकाळभर पिवळ्या दगडावर वस्तऱ्याला धार लावली. ह्यांच्यासमोर बसून. ह्यांनी मान डोलावली — पसंती! मनगटावरची लव नुसत्या स्पर्शाने उडाली.
आता राहिलेली दाढी. गळ्याकडची.