माझा चांगला कोट

शनिवार, १ नोव्हेंबर. दुपारी दोन चाळीस.
या क्षणी, टाउन हॉलच्या गळक्या खोलीत, नाताळच्या बाजारातल्या जुन्या काळच्या मिरवणुकीत अकरा वर्षं व्हिक्टोरिया राणी झालेल्या बाईला भिकारीण करण्यात आलं. समितीचा अध्यक्ष डेस्मंड म्हणाला, "मिस हॅलम, यंदा राणी तरुणपणीची दाखवायचीय. तुम्ही वर्कहाउसच्या दारातली म्हातारी व्हा. अभिनयाला वाव आहे." गरिबांना कोंडायच्या जागेत कसला वाव. राणी म्हणे टॅम्सिन. ती कुत्र्यांचे केस कापते. मी जन्ममृत्यू नोंदणीत जन्म काढला. डेस्मंडच्या जन्माची नोंदही माझ्याच हातची. तेव्हाच शाई संपायला हवी होती.
ठराव: बहिष्कार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
शेजारीण बेरिल म्हणाली, "अगं सेसिली, तुझ्याशिवाय मिरवणूक निघायची कशी?" हेच मी म्हणते. समितीचा फोन येईल. फोनजवळच जेवले.

रविवार, १६ नोव्हेंबर.
फोन नाही. चर्चबाहेर डेस्मंड दिसला. माफी मागायला येतोय असं वाटलं. म्हणाला, "कपड्यांचं जपून हं. पोशाख तपासायला संग्रहालयातल्या बाई येणार आहेत. चेन, प्लास्टिकचं बटण, त्या काळी नसलेलं काही खपायचं नाही." मी येणार नाही म्हणाले. तो म्हणाला, "बरं. मग म्हातारीची भिकेची टोपली बेरिलला देतो." विषय संपला.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया सांगायच्या, अपमान देवाला अर्पण करा. केला. पोच आलेली नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर.
नवा बेत. घरात बसून केलेला बहिष्कार दिसणार कोणाला? वर्कहाउसच्या दारात उभी राहणार असं डेस्मंडला कळवलं, पण सोंग घेणार नाही. माझा स्वतःचा चांगला कोट घालणार. आईने हाताने शिवलेला, जाड लोकरीचा, शिंगाच्या बटणांचा. वर चर्चची हॅट. डेस्मंडने पाठवलेल्या चिंध्या परत केल्या. लोक विचारतील, अशी घरंदाज बाई इथे कशी? मग मी सांगेन.

शनिवार, १३ डिसेंबर. संध्याकाळ.
पाय गेले कामातून. चेस्टनट भाजणाऱ्याचा सगळा धूर माझ्याच तोंडावर. कोणी काही विचारलं नाही. एक आई मुलीला म्हणाली, "बघ, पूर्वी लोकांना असं राहावं लागायचं," आणि माझ्या हातात मिन्स पाय हा नाताळचा गोड पदार्थ ठेवला. भूक लागली होती म्हणून खाल्ला.
मग संग्रहालयातल्या बाई आल्या. टॅम्सिनच्या पाठीवरची चेन त्यांनी लगेच पकडली. दिवसभरातला तेवढाच आनंद. माझी कॉलर उलटून पाहिली, बाहीचं लोंबतं अस्तर पाहिलं, म्हणाल्या, "इतकं विटकेपण मुद्दाम आणता येत नाही. कसं जमवलंत?" मी म्हणाले, हा माझा बाहेर जायचा कोट आहे. त्या डेस्मंडकडे वळल्या. "बघा, या क्षणभरही भूमिका सोडत नाहीत."
डेस्मंडने टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा सांगितलं. तो आणखी जोरात वाजवायला लागला.
उत्तम पोशाखाचं बक्षीस मला. राणीच्या हस्ते. राणीसमोर वाकावं लागतं, तशी रीत आहे. लोकांना ती मीच शिकवली. वाकले.

शनिवार, २० डिसेंबर.
बेरिल सांगत आली, समितीने वर्कहाउसची म्हातारी कायमची माझ्या नावावर केलीय. पुढच्या वर्षीच्या पत्रकावर माझाच फोटो. "तोंडाला काही फासलंसुद्धा नव्हतंस ना गं?" तिला चहा दिला नाही.
समितीला कळवायचा मजकूर ठरला. कोट माझा आहे. तो चांगला आहे. त्यात मी कोणाचंही सोंग केलेलं नव्हतं. या तिन्ही गोष्टी समितीने मान्य कराव्यात. कोट सध्या रफूला दिला असून तो येईपर्यंत मला थंडीत बाहेर पडता येत नाही. सबब लेखी उत्तर ६ जानेवारी, दुपारी बाराच्या आत घरपोच मिळावं.