कपाटातल्या बाईसाहेब

३ मार्च, सकाळ

सासूने मरताना मधमाश्यांचे सगळे ओंडके धाकटीला दिले. थोरली मी. माझ्या वाट्याला मका वाटायचा पाटा आला, तोही एका कोपऱ्यात फुटका.

साक्षरता वर्गाच्या बाई म्हणतात, रोज थोडं लिहा, आणि सुरुवात नमस्काराने करा. नमस्कार मागून. आधी ओंडके.

धाकटी जाऊ म्हणजे फिदेन्सिया. दगडी कुंपणापलीकडे राहते. तिच्या पडवीत पोकळ ओंडके एकावर एक रचलेत आणि प्रत्येकात बाईसाहेब माश्या. बाईसाहेबांना नांगी नसते, कुणाला चावत नाहीत, जंगलातून येतात आणि आपलं आपण काम करतात. मग फिदेन्सिया काय करते? मध काढून बाटलीत भरते आणि गोड हसते. कुणाच्या घरी बाळंतीण असली की गाव तिच्या फाटकाशी. डोळे आले, तिच्या फाटकाशी. माझ्या फाटकाशी फक्त बर्फाचा गाडीवाला थांबतो, तेही सावली आहे म्हणून.

माझी नात गेइडी पोटुशी आहे. नवरा काँकून शहरात हॉटेलात कामाला, म्हणून ती माझ्याकडे. काल चुलीशी बसून म्हणते, आजी, फिदेन्सिया आजीने माझ्या बाळंतपणासाठी मध बाजूला काढून ठेवलाय. मी तवा आपटला. भाकरी राखेत पडली.

ठराव: बाळंतपण माझ्या घरात, माझ्या खोलीत. बाळंतिणीला गरम पाण्यातून मध द्यायचा तो माझ्या घरचा.

मध नाही. ते बघू.

७ मार्च, दुपार

आल्या! काही न करता आल्या!

कपडे वाळत घालत होते. ढग उतरावा तशा आल्या, खिडकीतून खोलीत, आणि जुन्या कपाटाच्या पाठीला जे गाठीचं भोक आहे त्यातून सरळ आत. कपाटात बाळाचे लंगोट, टोपडी, दुपटी आणि माझा कशिद्याचा झगा आहे. बघा, जागासुद्धा कशी निवडली. बाळाचीच.

उघड आहे की या फिदेन्सियाला सोडून आल्या. भांडणाच्या घरात बाईसाहेब टिकत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ती वरून गोड आहे, पण माश्यांना आतलं कळतं. दगडावर चढून पलीकडे पाहिलं. तिच्या ओंडक्यांशी ये-जा चालूच होती. उरलेल्या असतील.

आमचा म्हातारा लाझारो म्हणतो, अगं, एवढ्या गुणगुणणाऱ्या बाईसाहेब मी जन्मात पाहिल्या नाहीत. त्याचा एक कान गेलेला आहे. दुसऱ्याने काय ते ऐकतो.

८ मार्च

उजव्या अंगठ्यात लिंबाचा काटा गेला. लिंबाच्या झाडाकडे गेले नव्हते. वाऱ्याने आला असेल.

गेइडीने सुईने काढला. उजेडात धरून म्हणते, आजी, ही नांगी आहे. म्हटलं, तू शाळेत डोळे खराब करून घेतलेस, त्याला मी काय करू?

११ मार्च, संध्याकाळ

फिदेन्सिया कुंपणाशी आली. शालीच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं.

म्हणाली, जाऊबाई, तुमच्याकडे माश्या आल्यात म्हणे.

म्हणे! सगळ्या गल्लीला गुणगुण ऐकू जाते आणि हिचं म्हणे. मी म्हटलं, आल्या. आपल्या पायांनी आल्या. कुणाला मरताना मला द्याव्या नाही लागल्या.

ती रागावली नाही. हेच मला तिचं आवडत नाही. म्हणाली, त्यांनी दाराशी मातीचं कडं केलंय का हो? एक पहारेकरीण तोंड काढून बसते का? बाईसाहेब पहिल्यांदा ते करतात.

मी म्हटलं, नव्या घरात आल्यात. आधी सामान लावतील, मग दार रंगवतील.

मग तिने खरं पोटातलं बाहेर काढलं. म्हणाली, रोसेन्दोला पाठवू का? धूर घेऊन येईल, बघून जाईल. रोसेन्दो तिचा मुलगा. रानात त्याच्या नांगीवाल्या माश्यांच्या पेट्या आहेत. धूर करायचा आणि माझ्या माश्या गुपचूप आईच्या पडवीत न्यायच्या, असा बेत. मी नको म्हटलं.

झाकलेलं होतं ते भोपळ्याच्या बियांचं कालवण. ठेवून गेली. चांगलं झालं होतं. मीठ मुद्दाम बेताचं घातलं होतं, माझं जास्त पडतं हे लाझारोला कळावं म्हणून.

१५ मार्च

एक टर्की मेली. खोलीच्या खिडकीखाली पडली होती, डोकं सुजून लिंबाएवढं. वय झालं होतं तिचं. गेल्या वर्षीची होती.

बाकीच्या कुंपण ओलांडून फिदेन्सियाकडे गेल्या. हाक मारली तर माना वळवून बघतात आणि तिथेच दाणे टिपतात. पाखरंसुद्धा फितवते ही बाई.

१८ मार्च

माश्या माझ्याकडे राहायला आल्या तर त्यांचा मान करायला हवा. मक्याचं पेय केलं, भोपळ्याच्या वाट्यांत ओतून कपाटासमोर मांडलं. प्रार्थना पुरुषाने म्हणायची असते. लाझारो म्हणाला, मी अंगणातून म्हणतो. म्हटलं, शेतात देवासमोर असेच लांब उभे राहता का? तेव्हा खिडकीपर्यंत आला. अर्धी म्हणून झाली आणि पळाला. टकलावर चार गाठी आल्या.

देवाचं म्हणताना घाई केली की असं होतं. माझ्या डाव्या डोळ्यालाही सूज आहे, पण ती धुराची. चूल आज पेटवली नव्हती, तरी भिंतीत जुना धूर असतो.

त्याने आपला झोपायचा झुला आंब्याखाली बांधला. म्हणतो, उकडतंय. दुपारी जेवायला आला नाही. विचारलं तर म्हणतो, धाकट्या भावजयीने घावण दिले. पन्नास वर्षं माझ्या हातचं खाऊन आता त्याला घावणाची हौस आलीय.

२३ मार्च

वाईट दिवस.

आरोग्य केंद्राची नर्स गेइडीला तपासायला आली. खोलीत पाऊल टाकलं आणि तशीच मागे फिरली. अंगणात उभी राहून म्हणाली, या खोलीत बाळंतपण करायचं नाही. पोटुशीने इथे राहायचंही नाही. मी म्हटलं, बाईसाहेब चावत नाहीत. तिने स्वतःचा दंड दाखवला. मी म्हटलं, तुम्ही शहरातल्या, तुमची कातडी नाजूक.

गेइडी कपाटाकडे बघत राहिली. म्हणाली, आजी, बाळाचे कपडे त्यात आहेत. म्हटलं, आहेत आणि सुरक्षित आहेत. म्हणाली, तुला माश्या हव्यात की मी? म्हटलं, दोन्ही. उत्तर बरोबर होतं, तरी तिने झुला सोडला, गुंडाळला आणि पलीकडे गेली.

फिदेन्सियाने तिला हाताला धरून कुंपणाच्या मोडक्या जागेतून पलीकडे घेतलं. असं जपून घेतलं, जसं काही मी तिला कधी हात दिलाच नाही. पोर लहान होती तेव्हा ताप आला की कोण बसलं होतं? फिदेन्सिया? ती ओंडके पुसत होती.

संध्याकाळी पलीकडे हसणं चाललं होतं. लाझारोसुद्धा हसत होता. एवढं हसण्यासारखं त्या घरात काय असतं, कुणास ठाऊक. मी माझ्या माश्यांना सगळी हकीगत सांगितली. घरातलं त्यांना सांगावं लागतं. तोंड जवळ नेऊन सांगितली. आता वरचा ओठ जड आहे. मिरची खाल्ली असेन.

२६ मार्च

ठराव: रडत बसायचं नाही. मध काढायचा. बाटली भरून पलीकडे न्यायची आणि गेइडीसमोर ठेवायची. मग बघू कुणाच्या घरात बाळंत होते ती.

काढायचा तो सगळ्यांसमोर. फिदेन्सियाला बोलावणार. हात उघडे ठेवूनच, कारण बाईसाहेबांचा मध तसाच काढतात. सासूबाई तसाच काढायच्या. मी बघितलंय, लांबून. जवळ धाकटीला बसवायच्या.

३० मार्च

कपाटावर पिकलेल्या केळ्यांचा घड ठेवला. गोड वास आला की खुशीत येतील, भरभर मध करतील.

केळी ठेवल्यापासून त्यांच्यात खूप उत्साह आलाय. खोलीत जाताच येत नाही. गुणगुण अंगणात ऐकू येते. इतकी कामसू जात फिदेन्सियाने हातची घालवली, हे बघून मला तिची जवळजवळ कीव येते.

अजून मातीचं कडं दिसलं नाही. यांची पद्धत वेगळी असेल.

२ एप्रिल, सकाळ

निरोप पाठवला. शनिवारी मध. फिदेन्सिया म्हणाली म्हणे, जाऊबाईंना सांगा, माझं ऐका, रोसेन्दोला आधी येऊ द्या. किती ती घाई. एक बाटली माझ्या घरी भरली तर हिचा जीव जातोय.

गल्लीतल्या बायका येणार आहेत. मोठी बाटली उकळून ठेवली. तिच्या बाटलीपेक्षा मोठी.

४ एप्रिल

बायका आल्या. उघडते.

६ एप्रिल, फिदेन्सियाच्या घरातून

एका डोळ्याने लिहिते. दुसरा नाही उघडत. वहीही तिच्याच घरची आहे. माझी आमच्या घरात राहिली आणि तिकडे सध्या कुणी जात नाही.

बायका फाटकाशी होत्या. फिदेन्सिया कुंपणावर. मी बाह्या वर केल्या, कपाटाचं दार ओढलं. मेणाने चिकटलं होतं. जोर लावला.

आत पोळी लटकत होती, पानांसारखी उभी, लंगोटांतून, टोपड्यांतून, माझ्या झग्याच्या बाहीतून. बाईसाहेबांची घरं अशी नसतात. त्यांचे मधाचे लहान लहान गोल मटके असतात. हे मला दिसलं. दिसलं म्हणून मी दार लावलं असं नाही.

फिदेन्सिया ओरडली, जाऊबाई, दार लावा! मागे या! धाकटीने सांगावं आणि मी ऐकावं? उभी राहिले. मग काही दिसेना.

ती कुंपणावरून उडी मारून आली. या वयात. अंगावरची शाल माझ्या डोक्यावर टाकली आणि कमरेला धरून मला ओढत नेलं. बायका पळाल्या. मोठी बाटली फुटली. फिदेन्सियालाही चावल्या, मानेवर, हातावर. मी गेइडीकडून गाठी मोजून घेतल्या. माझ्या कितीतरी जास्त आहेत.

रोसेन्दो जाळी आणि धूर घेऊन आला, कपाट रिकामं केलं, माश्या पेटीत घालून रानात नेल्या. जाताना विचारत होता, इथे केळी कुणी ठेवली? पिकल्या केळाच्या वासाने या माश्या खवळतात म्हणे. मी लाझारोकडे बोट केलं. त्याने मान खाली घातली, कारण त्याने त्यातलं एक खाल्लं होतं.

एवढ्या धावपळीत गेइडीला कळा सुरू झाल्या.

फिदेन्सियाच्या पुढच्या खोलीत. गेइडी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला झुल्यात, माझे दोन्ही डोळे बंद. जिच्यासाठी हे सगळं केलं ती हातभर अंतरावर विव्हळत होती आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं. आजी, आहेस ना, असं विचारत होती. मला ओठ हलवता येईनात. हात पुढे केला. माझा हात तिला भाकरीच्या पिठासारखा लागला असेल. तिने धरला मात्र. दुसरा हात फिदेन्सियाच्या हातात होता. असायचाच.

मुलगी झाली.

मग फिदेन्सियाने गेइडीला गरम पाण्यातून मध दिला. मला आवाजावरून कळलं, चमचा पेल्यावर वाजतो. नंतर माझ्याकडे आली आणि काही न विचारता माझ्या डोळ्यांत मध सोडला, एकेक थेंब. थंड होता. झोंबला नाही. मला काही बोलायचं होतं, पण ओठ सुजलेले होते हे बरंच झालं.

सकाळी डावा डोळा फटीएवढा उघडला. पोर माझ्या छातीवर ठेवली. फिदेन्सियाच्या घरच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेली, कारण तिचे सगळे कपडे मेणात. मी नीट पाहिली. लाल, सुजलेली, डोळे मिटलेले. थेट माझ्यावर गेलीय. कुणीही सांगेल.

गाव बघायला यायला लागलंय. फाटकाशी उभे राहून लोक ओरडतात, पणजी आहे का घरात? आणि फिदेन्सिया पदराला हात पुसत म्हणते, आले, आले! दोनदा झालं. ती पणजी नाही. ती पणजीची जाऊ आहे.

म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या दाराला लावायला दिलंय. घर तुझं, मध तुझा, मान्य. पण पणजी म्हणून हाक आली की ओ मीच देणार. माझ्या ओठांची सूज उतरेपर्यंत लाझारोने द्यायची. तो झोपला असेल तर गल्लीतल्या कुत्र्याने भुंकावं. फिदेन्सियाने तोंड उघडायचं नाही.